कंपासपेटीचा आडोसा

दिवाळी अंकात भांडण उकरून काढू नये असा एक संकेत आहे. चकली कुरकुरीत असावी, लेख खुसखुशीत असावा आणि दोन्ही पचायला हलके असावेत, अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. तो संकेत मोडण्याची मला हौस नाही. पण बत्तीस वर्षे मराठी शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे एक खोड अंगात मुरली आहे. चूक दिसली की तिच्याखाली लाल रेघ ओढल्याशिवाय अन्न गोड लागत नाही. यंदा जी रेघ ओढायची आहे ती पुष्कळशी माझ्याच वहीत आहे, एवढे मात्र अगोदरच सांगून टाकतो.

गोष्ट गेल्या वर्षीच्या सहामाही परीक्षेची. घरात भाजणीचा वास सुटला होता, आकाशकंदिलाची वायर कुठे ठेवली यावरून वार्षिक वादाला तोंड फुटले होते आणि माझी नात आतल्या खोलीचे दार लावून अभ्यासाला बसली होती. ती चौथीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची. फी विचारू नका, सणासुदीचे दिवस आहेत. दाराआडून एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकू येत होती : "कोलॅबोरेट म्हणजे टु वर्क टुगेदर. कोलॅबोरेट म्हणजे टु वर्क टुगेदर." जन्मभर इंग्रजीच्या मास्तरकीत गेलेल्या माणसाला असे सूर ऐकले की राहवत नाही. दार ढकलून मी आत गेलो.

तिच्यापुढे शाळेने दिलेला एक छापील कागद होता. मुलांनी वर्गात एकत्र मिळून कसे शिकावे, यासंबंधीचे वीस इंग्रजी शब्द त्यावर होते. पार्टनर, पीअर, ग्रुप लीडर, फीडबॅक, ब्रेनस्टॉर्म, टेक टर्न्स, शेअर युअर आयडियाज. त्याखाली पाच वाक्ये. 'मला तुझे म्हणणे पटते', 'मला वेगळे वाटते', 'हे मला पुन्हा समजावून सांगशील का', अशा अर्थाची. अर्थात सगळी इंग्रजीत. शेवटचे वाक्य होते, 'वुई लर्न बेटर टुगेदर'. आपण एकत्र अधिक चांगले शिकतो. त्याच्याखाली पेन्सिलीने दोन रेघा होत्या, कारण ते परीक्षेत नक्की येणार असे बाईंनी सांगितले होते.

"दार का ग लावलेस?" मी विचारले.

"बाहेर सगळे बोलतात आजोबा. डिस्टर्ब होतं."

आपण एकत्र अधिक चांगले शिकतो, हे वाक्य पाठ करण्यासाठी ती एकटी दार लावून बसली होती. मला हसू आले. पण त्यानंतर पाचच मिनिटांत जे घडले त्याचे हसू आले नाही.

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाई संध्याकाळी आपल्या मुलीला बरोबर घेऊन येतात. तीही चौथीतच आहे, महापालिकेच्या मराठी शाळेत. आई पोळ्या लाटते तोवर ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून अभ्यास करते. तिच्याही हातात इंग्रजीचेच पुस्तक होते. आत बोलणे चाललेले ऐकून ती दारात आली आणि मला म्हणाली, "आजोबा, टेक टर्न्स म्हणजे वळायचं का? रिक्षावाले टर्न मारतात तसं?"

प्रश्न अप्रतिम होता. बत्तीस वर्षांत इतका चांगला प्रश्न मला फार थोड्या मुलांनी विचारला असेल. माहीत असलेल्या अर्थावरून नव्या अर्थाकडे जाण्याची ती धडपड होती, आणि तिचे उत्तर दोन हातांवरच्या कागदावर छापलेले होते. मी नातीला म्हटले, "सांग तिला." नातीने काय केले असेल? तिने आपली कंपासपेटी उचलली, कागदापुढे उभी केली आणि वर डाव्या हाताचा आडोसा धरला.

"ती माझं बघून लिहील."

"लिहू दे की. काय होईल?"

"मग तिला पण येईल!"

वाचकहो, मी या वाक्यावर वर्षभर विचार करतो आहे. माझी नात दुष्ट नाही. वाढदिवसाची कॅडबरी ती मोडून वाटते, गच्चीवरच्या मांजराला स्वतःचे दूध देते. पण जे आपल्याला येते ते दुसऱ्यालाही आले की आपले काहीतरी कमी होते, ही समजूत वयाच्या नवव्या वर्षी तिच्या मनात पक्की बसली आहे. आणि त्याच क्षणी तिच्या ओठांवर 'शेअर युअर आयडियाज' हे शब्द निर्दोष उच्चारांसह तयार आहेत! परीक्षेत तिला वीसपैकी वीस गुण मिळाले, हे ओघानेच आले.

हे तिला शिकवले कोणी? शाळेवर खापर फोडणे सोपे आहे. पण मी माझीच जुनी वही उघडून बघतो. वर्गावर जाताना मी मॉनिटरला काय सांगत असे? "बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिही." बत्तीस वर्षांत किती नावे त्या फळ्यावर लागली असतील! त्यांतली निम्मी मुले शेजाऱ्याला गणितच समजावून देत असतील, ही शंका मला कधी शिवली नाही. शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे म्हणजे चोरी, शेजाऱ्याला सांगणे म्हणजे चोराला साथ, आणि शेजाऱ्याला विचारणे म्हणजे अब्रू घालवणे; हा आमच्या शाळांचा त्रिसूत्री धर्म. तो मी निष्ठेने पाळला आणि पाळायला लावला.

गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या लहानपणची ती गोष्ट आठवते ना? मराठी मुलांच्या पिढ्यान् पिढ्यांनी ती ऐकली आहे. घरी घातलेले गणित बरोबर आले म्हणून गुरुजींनी शाबासकी दिली, तेव्हा गोपाळ रडू लागला. कारण ते सोडवायला त्याने दुसऱ्याची मदत घेतली होती. ही गोष्ट सत्यवचनाची आहे, आणि म्हणून ती सांगावी यात वाद नाही. पण आम्ही मास्तरांनी तिच्यातून मुलांना काय शिकवले? खरे बोला हे थोडे, आणि मदत घेणे हे रडण्याजोगे पाप आहे हे फार. मदत करणाऱ्या त्या दुसऱ्या मुलाचे काय झाले, त्याला कोणी शाबासकी दिली का, हा प्रश्न एकाही वर्गात मी विचारला नाही. पुढे हेच गोखले न्यू इंग्लिश स्कूलमध्ये आणि फर्ग्युसन कॉलेजात शिक्षक झाले. शिक्षकाचा सारा धंदाच मुळी दुसऱ्याला मदत करण्याचा, ही गंमत आम्हांला कधी दिसली नाही.

आता कोणी म्हणेल, की हा सगळा इंग्रजीचा दोष. मराठी शाळेत घाला म्हणजे मुले आपोआप माणसांत येतील. हे म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. या पुण्यातच इंग्रजीला वाघिणीचे दूध म्हणण्याचा प्रघात चिपळूणकरांच्या नावावर सांगितला जातो, आणि त्याच चिपळूणकरांनी टिळक-आगरकरांसह १८८० साली जी शाळा काढली तिच्या नावातच इंग्लिश आहे. त्याच्याही आधी, १८४८ साली, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बुधवार पेठेत भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू केली. आणि १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या 'काव्यफुले' या संग्रहात सावित्रीबाईंनी इंग्रजीला माऊली म्हटले. ज्यांना आपल्या भाषेतली विद्याच शेकडो वर्षे नाकारली गेली, त्यांनी परक्या भाषेला आई म्हणावे, यात केवढा आरोप आहे आणि तो कोणावर आहे, हे सदाशिव पेठेत बसून मला कळत नाही असे नाही. उंबऱ्याशी बसलेल्या त्या मुलीला इंग्रजी यायलाच हवे. माझ्या नातीला न आले तरी तिचे एक वेळ चालेल. तिच्या पाठीशी घर आहे, ओळखी आहेत, आजोबा आहेत. त्या मुलीचे चालणार नाही. माझा वाद इंग्रजीशी नाही, ते ज्या रीतीने गिळवले जाते तिच्याशी आहे.

आमच्या पिढीने इंग्रजी पाचवीपासून आणि तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर घेतले. व्याकरण असे पक्के, की झोपेतून उठवले तरी कर्मणी प्रयोग करून दाखवू. पण मी नोकरीला लागल्यावर पुणे स्टेशनावर एका परदेशी बाईने मला फलाटाचा क्रमांक विचारला, तेव्हा मला घाम फुटला. तीन वाक्ये मनातल्या मनात जुळवीपर्यंत ती बाई हमालाला विचारून निघूनही गेली. हमालाने तोडकेमोडके दोन शब्द आणि एक बोट एवढ्यावर काम भागवले होते. त्याला इंग्रजी येत नव्हते, पण बोलता येत होते. मला इंग्रजी येत होते, पण बोलता येत नव्हते. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. बालभारतीच्या इंग्रजी पुस्तकांत जोडीने आणि गटाने करायच्या कृतीही आल्या. पुस्तक बदलले. मास्तर मात्र फळ्यापुढे आणि मुले बाकांवर, तोंडे एका दिशेला, ही वर्गाची मांडणी पुष्कळ ठिकाणी तशीच राहिली.

एक साधे गणित करून पाहू. पस्तीस मिनिटांचा तास आणि वर्गात साठ मुले. शिक्षकाने तोंडातून एक शब्दही काढला नाही, हजेरी घेतली नाही, कोणाला दटावले नाही, असे धरले तरी दर मुलाच्या वाट्याला बोलायला पस्तीस सेकंद येतात. प्रत्यक्षात शिक्षकच तीस मिनिटे बोलतो. म्हणजे उरले पाच सेकंद. एवढ्या वेळात 'येस सर' म्हणून होते, आणि आमच्या मुलांना तेवढेच बोलता येते. आता त्याच साठ मुलांच्या तीस जोड्या करा आणि त्यांना पाच मिनिटे एकमेकांशी बोलू द्या. एकाच वेळी तीस तोंडे चालतात. प्रत्येकाला अडीच मिनिटे मिळतात. पोहायला शिकवायचे तर साठही पोरांना पाण्यात सोडावे लागते. काठावर उभे राहून मास्तरांनी एकट्याने हात मारून दाखवले, तर उत्तम पोहणारा एक मास्तर तेवढा तयार होतो.

हे मला निवृत्तीनंतर सुचलेले शहाणपण नाही. नोकरीत एकदा मी ते करून पाहिले होते. सातवीच्या वर्गात जोड्या केल्या आणि 'तुझ्या घरापासून शाळेपर्यंतची वाट सांग' एवढेच काम दिले. वर्गात जो गलका झाला तो लक्ष्मी रस्त्यावरच्या धनत्रयोदशीला शोभला असता. अर्धे मराठी, पाव इंग्रजी, उरलेले हातवारे. पण मागच्या बाकावरचा, वर्षभर तोंड न उघडलेला एक मुलगा उभा राहून शेजाऱ्याला सांगत होता, "नो नो, लेफ्ट! मारुती लेफ्ट!" मी आनंदात होतो. तेवढ्यात मुख्याध्यापक दारात उभे. "या वर्गावर शिक्षक नाहीत का?" त्यांनी मला, म्हणजे शिक्षकालाच, विचारले. मी खडू उचलला, फळ्याकडे वळलो आणि मॉनिटरला म्हणालो, "नावे लिही." पहिले नाव त्याच मुलाचे लागले. त्याने पुन्हा त्या वर्षात तोंड उघडले नाही. त्या मुलाची क्षमा मागायला मला आता पत्ताही माहीत नाही.

ही मंडळी ज्या शब्दांच्या याद्या आज वाटतात ते शब्द जन्मले कुठे आणि कशासाठी, हे पाहिले म्हणजे आणखी एक गोष्ट ध्यानात येते. १९७१ साली अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात, ऑस्टिन शहरात, शाळांतली वर्णभेदाची भिंत नुकतीच पाडली गेली होती. गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात आली, आणि वर्गावर्गांत हाणामाऱ्या सुरू झाल्या. एलियट ॲरन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाला शाळांनी बोलावले. त्याने पाहिले, की भांडणाचे मूळ वर्गातल्या चढाओढीत आहे. प्रश्न विचारला की जो तो हात उंचावतो आणि दुसरा चुकावा अशी प्रार्थना करतो. मग त्याने एक युक्ती केली. मुलांचे लहान लहान गट पाडले, धड्याचे तितकेच तुकडे केले आणि प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. बाकीचा धडा हवा असेल तर शेजाऱ्याचे ऐकल्यावाचून गत्यंतर नाही. तुकडे जुळवून चित्र पुरे करण्याच्या खेळावरून या पद्धतीला 'जिगसॉ' हे नाव पडले.

त्यातल्या एका मुलाची हकीकत ॲरन्सनने लिहून ठेवली आहे. इंग्रजी ही त्या मुलाची घरची भाषा नव्हती. वर्तमानपत्रकार पुलित्झरच्या चरित्रातला एक तुकडा त्याच्या वाट्याला आला होता. तो अडखळू लागला, तशी गटातली मुले त्याला टोमणे मारू लागली. देखरेख करणाऱ्या व्यक्तीने उपदेश केला नाही. एवढेच म्हटले, की टोमणे मारायचे तर खुशाल मारा, पण परीक्षा थोड्याच वेळात आहे आणि हा तुकडा फक्त त्यालाच ठाऊक आहे. मुले शहाणी झाली. त्याला नीट प्रश्न विचारू लागली, धीर देऊ लागली. आणि नीट प्रश्न विचारले गेले की अडखळणाऱ्यालाही सांगता येते. काही आठवड्यांनी मुलांना वाटू लागले, की हा आपण समजलो तितका मठ्ठ नाही. इंग्रजी तो तेव्हा शिकला, कारण त्याच्या तोंडच्या शब्दांची दुसऱ्याला गरज पडली.

एका वर्गात आलेल्या असमान मुलांनी एकमेकांना माणूस म्हणून ओळखावे, यासाठी केलेली ही खटपट होती. आम्ही तिचे काय केले? शब्द आणले, मुले आणली नाहीत. ज्या वर्गात एकाच भावाची फी भरणाऱ्यांची, एकाच तऱ्हेच्या घरांतली मुले आहेत, तिथे 'रिस्पेक्ट अदर्स' शिकवायचे ते कोणाविषयी? दुसरी म्हणावीत अशी मुले दारातच अडवलेली आहेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खाजगी शाळांत, अल्पसंख्याकांच्या शाळा वगळता, प्रवेशाच्या वर्गातल्या निदान पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी राखल्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला : एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असली, की खाजगी विनाअनुदानित शाळेला या जागांतून मोकळीक. पुण्याच्या पेठांत अशी शाळा एक किलोमीटरच्या आत नाही असे ठिकाण शोधायचे, तर दिवाळीतला आकाशकंदील हातात घेऊन फिरावे लागेल. जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला, म्हणून निभावले. पण तो बदल आला तेव्हा आमच्या ओळखीच्या किती सुशिक्षित घरांत हळूच सुस्कारा सुटला, ते मी ऐकले आहे. नातीची कंपासपेटी नऊ इंचांची आहे. ही कंपासपेटी एक किलोमीटरची होती.

इथे कोणी संस्कृतीभिमानी सद्गृहस्थ मला थांबवतील. "यात नवे काय? आमच्याकडे परवचा होता. पंतोजींच्या शाळेत थोरली मुले धाकट्यांना शिकवीत." खरे आहे. स्कॉटलंडमधून आलेल्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने मद्रासेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना पाहिली, मुलांकडून मुलांना शिकवण्याची पद्धत तिथल्या अनाथालयात चालवली आणि १७९७ साली लंडनमध्ये त्यावर पुस्तिका छापली. 'मद्रास पद्धत' म्हणून ती इंग्लंडात गाजली. अभिमान जरूर धरावा. पण मीही लहानपणी वाड्याच्या ओटीवर दिवेलागणीला परवचा म्हटला आहे. पावकी-निमकी एका सुरात म्हणताना मजा येई आणि पाढेही पाठ होत. मात्र ज्याला पाढा येत नसे तो मोठ्या आवाजांच्या आड नुसते ओठ हलवी. एका सुरात म्हणणे निराळे आणि एकमेकांना समजावणे निराळे. शिवाय त्या पंतोजींच्या शाळेत मुली नव्हत्या आणि गावकुसाबाहेरची मुलेही नव्हती. त्यांच्यासाठी भिडे वाडा उघडावा लागला, आणि तिथे जाणाऱ्या शिक्षिकेला चिखलशेणाचा मारा सोसावा लागला. तेव्हा पूर्वजांचे गोडवे गाताना ओटीवर कोण बसले होते आणि अंगणाबाहेर कोण उभे होते, एवढे पाहून गावे.

माझ्या धंद्यातलेच लोक दुसरा आक्षेप घेतात. गटात एक राबतो आणि चार फुकट खातात. मग गुण कोणाला द्यायचे? आक्षेप पोकळ नाही. शाळेचे 'प्रोजेक्ट' नावाचे जे प्रकरण असते ते एका मुलीची आई रात्री बारापर्यंत जागून करते आणि त्यावर पाच जणांची नावे लागतात, हे मी पाहिले आहे. पण हा दोष एकत्र शिकण्याचा नाही, काम न वाटता नुसती नावे वाटण्याचा आहे. ऑस्टिनच्या वर्गात प्रत्येकाकडे निराळा तुकडा होता आणि शेवटी परीक्षा प्रत्येकाची स्वतंत्र होती. शिकायचे मिळून, उत्तर द्यायचे आपापले. यात अवघड काय आहे? १९५० साली प्रवरेच्या काठी विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगिळांच्या साथीने सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हाही प्रत्येकाचा ऊस निराळाच मोजला जात होता. ज्या महाराष्ट्राने ऊस, दूध, पतपेढी आणि घरबांधणी यांत सहकार आणला, त्याला तो चौथीच्या बाकावर आणता येत नाही, हे मला पटत नाही.

शब्दांचेच म्हणाल तर मराठीत एक शब्द असा आहे, की ती वीस शब्दांची यादी त्याच्यापुढे फिकी पडावी. तो म्हणजे 'बरोबर'. मी तुझ्याबरोबर येतो, म्हणजे सोबत. ती माझ्या बरोबरीची आहे, म्हणजे समान. उत्तर बरोबर आहे, म्हणजे अचूक. हा शब्द मुळात फारसीतून आला, पण तिन्ही अर्थ आपण घरच्यासारखे एका शब्दात नांदवले. मुलांच्या वह्यांत मी हजारो वेळा 'बरोबर' लिहिले. तिसऱ्या अर्थाखेरीज पहिले दोन त्यात आहेत हे कधी मनातही आले नाही. सोबत बसवले नाही, बरोबरीचे मानले नाही, आणि उत्तर मात्र बरोबर हवे!

आता किल्ल्याची गोष्ट सांगतो आणि पुरे करतो. आमचा वाडा पाडून तिथे इमारत झाली, तरी दिवाळीत पार्किंगच्या कोपऱ्यात मुले किल्ला करतात. गेल्या वर्षी सोसायटीच्या फलकावर सूचना लागली होती : 'फरश्या खराब होत असल्याने किल्ला फक्त सभासदांच्या मुलांनी करावा.' सभासदांच्या मुलांच्या चिखलाने फरश्या खराब होत नाहीत, हा शोध कोणी लावला ते विचारू नका. सूचनेखाली दोन सह्या होत्या आणि त्यांतली एक माझी होती.

परीक्षा संपली. नातीने राजगड करायचे ठरवले. मोबाइलवर चित्र होते. पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तिन्ही माच्यांची नावे पाठ होती. पण दगडांवर गोणपाट टाकून वर चिखल लिंपला की तो घसरून खाली येई. तीन वेळा आला. स्वयंपाकाच्या बाईंची मुलगी जिन्याशी उभी राहून पाहत होती. शेवटी न राहवून ती म्हणाली, "गोणपाट आधी भिजव. कोरडं पोतं माती धरत नाही." आपल्याला ठाऊक नसलेला तुकडा दुसऱ्याकडे आहे, हे माझ्या नातीला तेव्हा प्रथम कळले असावे. ती क्षणभर थांबली, आणि मग सरकून तिने जागा दिली.

दुपारी मी खाली गेलो तेव्हा दोघी कोपरापर्यंत चिखलात होत्या. एक माची हिची, एक तिची, तिसरी समाईक. बालेकिल्ल्यावर महाराजांना कोणी बसवायचे यावर कडाक्याचे भांडण होऊन तहही झालेला. पाण्याचा तांब्या एकच होता. नात तो पुढे करून म्हणाली, "नाऊ युअर टर्न!" आणि दुसरी म्हणाली, "वेट! माय हँड इज चिखल!" मग दोघींनी मान वर करून मला एकदमच विचारले, "आजोबा, चिखलाला काय म्हणतात?" मी सांगितले. तो शब्द त्या दोघींपैकी कोणीही पाठ केला नाही, आणि तो त्या विसरणारही नाहीत. टर्न म्हणजे वळणे की पाळी, हा प्रश्नही पुन्हा कोणी विचारला नाही.

एका किल्ल्याने जग बदलले असे मी म्हणणार नाही. सुट्टी संपल्यावर एक मुलगी एसी बसने गेली आणि एक चालत. त्यांच्या शाळा निराळ्या आहेत, आणि आमचे सगळे चिवडे-चकल्या खाऊन झाल्यावरही त्या निराळ्याच राहतील, जोवर आपण त्यांना निराळे ठेवण्यात सोय मानतो. म्हणून मागणे थोडे आहे, पण स्पष्ट आहे. शाळांनी एकत्र शिकण्याचे शब्द पाठ करून घेणे बंद करावे आणि दर तासाला पाच मिनिटे गलका होऊ द्यावा. मुख्याध्यापकांनी तो गलका ऐकून दारातूनच आनंदाने परत जावे. पालकांनी, पंचवीस टक्क्यांत आलेले मूल आपल्या मुलाच्या शेजारी बसले तर बाक बदलून मागू नये. उलट ते शेजारी बसत नसेल तर शाळेला जाब विचारावा.

आणि माझ्यासारख्यांनी आपापल्या सह्या परत घ्याव्यात. यंदा ती सूचना फलकावरून मी काढली आहे. समितीतले एक गृहस्थ फरश्यांचा हिशेब घेऊन माझ्याकडे येणार आहेत असे ऐकतो. त्यांनी अवश्य यावे. गोणपाट भिजत घातले आहे. त्यांच्या नातवाला मात्र बरोबर आणावे.